आधी माल बाहेर काढा, मागाचं नंतर बघू

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका भगिनीचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

"काका, यजमानांचा चादरींचा छोटा कारखाना आहे, आठ माग. ऑफिसचं सगळं मी बघते. कॉम्प्युटर २०१३ साली असेंबल करून घेतलेला, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. मध्ये मुलाने त्यात विंडोज १० टाकलं. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात संध्याकाळी तीन वेळा लाईट गेली-आली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलीय. दुसऱ्या दिवशी चालू केला तर विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके फिरतात, मग निळी स्क्रीन, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', आणि परत पहिल्यापासून. कधी नुसती काळी स्क्रीन, 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. घड्याळ वर्षभर चुकीचंच असतं, ते मी मोबाईल बघून लावते. दोन महिने झाले, टॅली उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारतो, संध्याकाळी घेऊन जा. मुलगा डिप्लोमाला आहे, तो म्हणतो डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवू, व्हिडिओत दाखवलंय. दीर म्हणतात नवीनच घ्या. आत बारा-तेरा वर्षांची टॅली, चादरींची डिझाइनं, आणि सासूबाईंचे फोटो आहेत. त्या मागच्या दिवाळीनंतर गेल्या. डिस्क दुरुस्त होते का? कुणाचं ऐकू?"

ताई, सगळ्यात आधी कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढा. माझं बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा. "एकदा परत लावून बघू, बसेल कदाचित" हे गेल्या आठवड्यात तुमच्या घरात किती वेळा झालं असेल, मला अंदाज आहे. आजारी डिस्कचं आयुष्य मोजून उरलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं की त्यातलं थोडं खर्च होतं. ते विंडोज सुरू करण्यात घालवायचं नाही, फोटो बाहेर काढण्यात घालवायचं.

तुम्ही विचारलंय, डिस्क दुरुस्त होते का. हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. डिस्क दुरुस्त करणं आणि आतला माल वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं करायला गेलं की दुसरं बिघडतं. माग बिघडला आणि बीमवर अर्धी चादर अडकलेली असली, तर चांगला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, पाना उचलण्याआधी कापड सोडवून घेतो की नाही? तसंच.

आता तुमचे तीन सल्लागार. दुकानदार खोटं बोलत नाही. फॉरमॅट मारला तर कॉम्प्युटर कदाचित सुरू होईलही, पण त्याला तुमचा कॉम्प्युटर चालू करायचाय आणि तुम्हाला सासूबाईंचे फोटो हवेत. दीर म्हणतात ते शेवटी करायचंच आहे, फक्त आज नाही. आणि मुलाला माझ्यातर्फे सांगा, फ्रीजर नाही. डिस्क आत चकचकीत तबकड्यांची असते. तुमच्यासारख्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली बहुतेक वेळा मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. साधा माग अख्ख्या मिनिटात शंभर-दीडशे आडवे धागे टाकतो, त्यावरून वेगाचा अंदाज करा. या तबकडीवरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. फ्रीजरमधून डिस्क बाहेर काढली की पावसाळी हवेत तिच्यावर दव धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरतं तसंच. तो थेंब आत तबकडीवर बसला आणि वरून हेड फिरलं, की खेळ खलास.

मात्र मुलाला घालवू नका, त्याचं काम पुढे आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती घड्याळाची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. घड्याळ वर्षभर चुकतंय याचा अर्थ मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सेल, सीआर २०३२, संपलाय. तो फक्त घड्याळ चालवत नाही. कॉम्प्युटर चालू होताना डिस्कशी कुठल्या भाषेत बोलायचं, कुठून सुरू व्हायचं, हे बायोसचं, म्हणजे बोर्डातल्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमचं, सेटिंगही बऱ्याच जुन्या बोर्डांत त्याच्याच जिवावर टिकतं. सेल मेलेला असला तरी भिंतीतली लाईट चालू असेपर्यंत निभतं. पण लाईट तीनदा गेली की बोर्ड सगळं विसरून कारखान्यातून आला तसा होतो. २०१३च्या आसपासच्या कित्येक बोर्डांत तेव्हा साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची ती भाषा, आपोआप आयडीईवर जातो. विंडोज बसवताना तो एएचसीआय असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. चिन्ह येतं, ठिपके फिरतात, निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेलं असतं. अशा वेळी डिस्क ठणठणीत असते आणि चहा-भज्यांच्या पैशात मिळणाऱ्या सेलपायी लोक डिस्क फॉरमॅट करून बसतात. मी अशा दोन-तीन तरी बघितल्यात.

पण तुमच्या बाबतीत एवढ्यावर सुटेल असं मला वाटत नाही. कारण चहाची ओळ. टॅली दोन महिने रेंगाळत होती, तेव्हा सेटिंग शाबूत होतं. डिस्क एखादी जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असली की अशी रेंगाळते. म्हणजे सेलही गेलाय आणि डिस्कही खराब होत चाललीय, दोन्ही एकदमच असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे तपासणी अशा क्रमाने करायची की चुकलं तरी नुकसान नाही.

पहिलं काम डिस्कला हात न लावता होतं. कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा, डिस्कला जाणाऱ्या दोन्ही वायरी काढा, रुंद ती वीज देणारी आणि अरुंद ती डेटाची. आता डिस्क सुरक्षित आहे. सेल बदला, कॉम्प्युटर चालू करा, डिलीट किंवा एफ २ दाबत बायोसमध्ये जा. तारीख लावा. साटा मोड कुठला दिसतोय, बूट मोड लेगसी की यूईएफआय, म्हणजे सुरू व्हायची पद्धत जुनी की नवी, याचे मोबाईलवर फोटो काढा. बदलण्याआधी फोटो, ही सवय मुलाला लावा. आयडीई दिसलं तर एएचसीआय करून ठेवा. (नवीन लॅपटॉप असलेल्या वाचकांनी मात्र इथे उगाच हात घालू नये. त्यात डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते आणि सेटिंग हललं की बिटलॉकरची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण खात्याचा पासवर्ड कुणाला आठवत नसतो.) डेटाची अरुंद वायरही या निमित्ताने नवीन घाला, जुनी कडक होऊन सैल बसते.

आता मोह होईल की वायरी जोडून विंडोज सुरू करून बघावं. करू नका. डिस्क आजारी असल्याचा संशय असताना विंडोज तिच्यावर सोडणं म्हणजे तापाच्या माणसाला सिद्धेश्वराच्या यात्रेत जडशीळ नंदीध्वज उचलायला लावणं. विंडोज सुरू होता होताच हजार ठिकाणी लिहितं, आणि 'ऑटोमॅटिक रिपेअर' तर स्वतःच्या मनाने डिस्क तपासायला आणि सुधारायला लागतं. तुमच्याकडे ते आठवडाभर गोल गोल फिरतंय, हीच मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटली.

सुधारणं म्हणजे काय होतं ते मी स्वतःच्या हाताने बघितलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नात्यातल्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क माझ्याकडे आली. फोल्डर उघडायचे, फोटो अडकत उघडायचे. मी शहाणपणा करून विंडोजची डिस्क तपासणारी चेक डिस्क लावली, खराब जागा शोधून दुरुस्त कर असं सांगून, आणि झोपायला गेलो. सकाळी स्क्रीनवर काम यशस्वी झाल्याचा निरोप होता. डिस्कवर 'फाउंड' आणि तीन शून्य अशा नावाचं एक नवीन फोल्डर, आत शेकडो फाइली, नाव कुणालाच नाही, सगळ्यांच्या पुढे नुसते आकडे. चेक डिस्कच्या दृष्टीने काम चोख होतं. तिला फाइलींची यादी नीटनेटकी करायची असते, आणि जे यादीत बसत नाही ते ती कापून बाजूला फेकते. फोटो वाचवणं हे तिचं काम नव्हतंच. हळदीचे थोडे मिळाले, लग्नाचे जवळजवळ गेलेच. त्या घरी मी अजून जेवायला जातो, पण अल्बमचा विषय निघाला की भाकरीकडे बघत बसतो.

तेव्हा चेक डिस्क नाही, कुठलंही 'रिपेअर' नाही. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि जे काय खटाटोप करायचे ते त्या प्रतीवर.

इथे मुलाला बोलवा. त्याला सिस्टिमरेस्क्यू नावाची फुकट लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम, पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगा, दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. ती पेन ड्राइव्हवरूनच चालते, तुमच्या डिस्कवर काही बसवत नाही. नवीन एक टीबीची डिस्क आणा, ती जुनीच्या बरोबरीची किंवा मोठी हवी, लहान चालत नाही. दोन्ही डिस्क शक्यतो थेट मदरबोर्डला जोडा. यूएसबीच्या डबीतून होतं, पण आजारी डिस्क अडकली की डबी मध्येच हात वर करते.

प्रत काढण्याआधी डिस्कची तब्येत विचारा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्याची वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात तीस-एक ओळी असतील, त्यांचे क्रमांक सलग नसतात, तुम्ही तीनच बघा. ५ क्रमांकाची 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर', म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा. १९७ची 'पेंडिंग', म्हणजे ज्या जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि काय करावं ते तिचं ठरलेलं नाही. आणि १९९ची 'सीआरसी', म्हणजे डिस्क बरी आहे पण वायरीतून जाताना बोलणं बिघडतंय. पहिल्या दोन्हींत शून्य आणि तिसरीत मोठा आकडा असेल, तर वायर बदलून अर्ध काम झालं. १९७मध्ये शून्याच्या वर काहीही असेल तर माझा अंदाज खरा, आणि घाई करायची. बरेच प्रोग्रॅम वरती हिरव्या रंगात 'पास' असं मोठ्ठं लिहितात, त्यावर जाऊ नका. मरायला टेकलेल्या डिस्काही पास झालेल्या मी बघितल्यात.

प्रत काढायला त्यातच डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो का हवा, साधं कॉपी-पेस्ट का नको? पाचशे जीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे साधारण ९७ कोटी ६७ लाख सेक्टर असतात. त्यातला एक वाचता आला नाही की विंडोजचं कॉपी करणं तिथेच डोकं आपटत बसतं, आणि आपटता आपटता हेड खलास होतं. डीडीरेस्क्यू हट्ट करत नाही. अडलं की ती जागा लिहून ठेवतो, उडी मारून पुढे जातो, चांगला भाग सगळा आधी उचलतो आणि मग अवघड जागांकडे परत येतो. कुठवर आलो, काय राहिलं, याचा नकाशा तो एका फाइलीत लिहीत जातो. लाईट गेली तरी काम वाया जात नाही, नकाशा दाखवला की तिथूनच पुढे सुरू. आपल्या गावासाठीच केलाय असं वाटावं. फक्त ती नकाशाची फाईल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवायची. सिस्टिमरेस्क्यू मेमरीत चालते, तिच्या डेस्कटॉपवर ठेवलेलं लाईटीबरोबर जातं.

कमांड मी इथे छापत नाही, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर पाप माझ्या माथी. मुलगा मॅन्युअल वाचेल. एक गोष्ट मात्र तीनदा बघायची: आधी जुनी डिस्क, मग नवी. उलटं लिहिलं तर कोऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत तुमच्या बारा वर्षांवर चढेल, आणि कुठलाही प्रोग्रॅम "बाई, नक्की ना?" असं विचारणार नाही. दोन्ही डिस्कांच्या स्टिकरवरचे सीरियल नंबर आधीच फोटो काढून ठेवा आणि एंटर मारण्यापूर्वी स्क्रीनवरच्याशी ताडून बघा. तो बघेल, मग तुम्ही बघा. हिशेब लिहिणारी बाई आकडा चुकत नाही, म्हणून तुम्ही.

धडधाकट पाचशे जीबी दीड-दोन तासांत उतरते. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतात. चालू दे. डिस्कवर टेबल फॅन लावा, उन्हाळ्यात सोलापुरात माणसाला सोसवत नाही तिथे तिला काय सोसणार. आणि हे काम कारखान्यात नाही, घरी करा. माग सुरू होताना मोटर एकदम करंट ओढते, त्याच लाईनवर कॉम्प्युटर असला तर दर वेळी व्होल्टेज खाली बसतं. आठ माग रोज चालू-बंद होताना तुमच्या डिस्कने काय काय सोसलं असेल ते तिलाच माहीत.

प्रत निघाली की जुनी डिस्क बाहेर काढून कपाटात ठेवा. फेकू नका, विकू नका. आता प्रत दुसऱ्या विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडा. फोल्डर दिसले तर आधी फोटो उचला, मग टॅली, मग डिझाइनं. टॅलीचा डेटा म्हणजे 'डेटा' नावाच्या फोल्डरमधली आकड्यांच्या नावाची फोल्डरं, ती अख्खीच्या अख्खी उचलायची, आतलं निवडत बसायचं नाही. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, तेव्हा ज्याच्याकडून घेतलंय त्याला आत्ताच कळवून ठेवा.

फोल्डर दिसले नाहीत आणि विंडोज म्हणालं 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल', तर दचकू नका आणि होही म्हणू नका. ही तक्रार बहुतेक वेळा पहिल्या पानाची असते. तुमच्या धंद्यातलंच उदाहरण आहे. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या कार्डांचा पट्टा असतो. मोराचं डिझाइन पट्टाभर शाबूत आहे, पण नेमकं पहिलंच कार्ड फाटलंय, तर माग नीट धरत नाही. म्हणून कुणी मोर गेला म्हणतं का? डिस्कच्या पहिल्या सेक्टरचं तसंच आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर त्या ५१२ बाइटपैकी ४४६ बाइट सुरू कसं व्हायचं हे सांगतात, पुढचे ६४ बाइट चार भागांचे हद्दीचे दगड, शेवटचे दोन सही. लाईट जाण्याच्या क्षणी एवढ्यावर घाव बसला तरी बाकीचे ९७ कोटी सेक्टर जागेवरच असतात. टेस्टडिस्क नावाचा फुकटचा प्रोग्रॅम पूर्ण डिस्क चाळून हद्दी परत शोधून देतो. तोही प्रतीवरच चालवायचा.

(हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही बरं का. जॅकार्डने १८०४मध्ये मागाला छिद्रांची कार्डं लावली, त्याच छिद्रांच्या कल्पनेवर हॉलेरिथ नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८९०ची अमेरिकेची जनगणना मोजली, त्याची कंपनी पुढे आयबीएममध्ये गेली, आणि त्याच आयबीएमने १९५६ साली जगातली पहिली हार्ड डिस्क काढली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि जागा सगळी मिळून पाच एमबीच्या आत. सासूबाईंचा मोबाईलवर काढलेला एखादा फोटो तिच्यात मावला नसता.)

टेस्टडिस्कनेही जमलं नाही तर त्याचाच भाऊ फोटोरेक आहे. तो फोल्डर-बिल्डर काही मानत नाही, फोटोची ओळख पटेल ते सगळं उपसून काढतो. नावं जातात, हजारो फाइली मिळतात, त्यात इंटरनेटवरचे गणपती आणि गुड मॉर्निंगही येतात. निवडायला दोन रविवार लागतील.

हे सगळं ज्या डिस्कला अजून चालता येतंय तिच्यासाठी. चालू केल्यावर आतून टक-टक असा ठरावीक लयीत आवाज आला, किंवा बायोसमध्ये तिचं नावच दिसलं नाही, तर मुलाला तिथल्या तिथे थांबवा. बहुतेक वेळा हेड गेलेलं असतं. मग ती डिस्क उघडून नवीन हेड बसवावं लागतं, तेही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधून काढून, धूळ नसलेल्या खोलीत. पुण्या-हैदराबादेत हे करणारे आहेत. खर्च चांगलाच येतो. पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवा म्हणायचं, आणि काही मिळालं नाही तर काय आकारणार ते लिहून घ्यायचं. ऑनलाइन तशीच दिसणारी हिरवी सर्किटची पट्टी मागवून बदलण्याचा उद्योग करू नका, प्रत्येक पट्टीवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची मापं असतात. पाठवताना आधी अँटिस्टॅटिक पिशवीत, मग टर्किश टॉवेलचे चार वेढे. थर्माकोलपेक्षा तो बरा, आणि सोलापुरात टॉवेलचा तुटवडा नाही.

यजमान जीएसटी रिटर्नच्या वीस तारखेचा घोर करत असतील. त्यासाठी डिस्कची वाट बघायची गरज नाही. भरलेल्या रिटर्नमधली जीएसटी नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकांची विक्रीची बिलं पोर्टलवर आहेत, खरेदीची तिथल्याच जीएसटीआर-२बीमध्ये दिसतात, आणि ताळेबंदाच्या वेळी तुम्ही सीएला टॅलीचा बॅकअप दिला असेल, तो त्याच्याकडे अजून पडलेला असतो. आजच फोन करा. डिझाइनं ज्याने काढून दिली त्याच्या कॉम्प्युटरवर मूळ फाइली असतील. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असेल तर मागाच्या पेन ड्राइव्हमध्ये सध्याची सापडतील. कारागिरांचा उचलीचा हिशेब मात्र कुठेच नसेल. तो त्यांनाच विचारून वहीत उतरवून घ्या, त्यांना पैसा न् पैसा पाठ असतो. असं एकेक खोडत गेलात की खाली उरतील ते फोटो. म्हणून मी मघाशी फोटो आधी म्हणालो. नणंदा, जावा, तेलंगणातले पाहुणे, सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरूनही मागवून घ्या, डिस्कमधून मिळाले तरी.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. खराब सेक्टरची डिस्क दुरुस्त होत नाही, ताई. लो लेव्हल फॉरमॅट मारून देतो म्हणणारे भेटतील. थोडे दिवस ती शहाण्यासारखी वागते आणि मग पुढच्या आर्थिक वर्षाच्या मध्यावर दगा देते. तिला निवृत्त करा. प्रतीवर विंडोजचंच बूटरेक चालवून जुनं विंडोज जिवंत करता येईल, मुलाला हौस असेल तर करू दे, शिकेल. कामासाठी मात्र नवी एसएसडी, म्हणजे तबकड्या नसलेली डिस्क, घ्या आणि त्यावर कोरं विंडोज टाका. विंडोज १०चं सुरक्षेचं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, आणि २०१३च्या मशीनवर ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणजे दिरांचं ऐकायची वेळ तशी आलीच आहे. यूपीएसची बॅटरी त्याच दिवशी बदला, आणि टॅलीचा बॅकअप रोज बंद करताना पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको, तुमच्या पर्समध्ये.

मुलाने स्मार्टचे आकडे काढले की त्या तीन ओळींचा आणि निळ्या स्क्रीनवरच्या इंग्रजी ओळीचा फोटो मला पाठवा, प्रत सुरू करायच्या आधी. १९७चा आकडा बघून काय ते सांगतो. तोवर डिस्क कपाटात, आणि वर कागद चिकटवा: 'जोडू नये'. मराठीत लिहा आणि तेलुगूतही लिहा, घरात कोण कधी मदत करायला येईल सांगता येत नाही.